स्लाइस गेला, औषध राहिलं: ड्रायव्हरच्या हुकचं एक प्रकरण

गोल्फ खेळाडू ४८ वर्षांचा, उजव्या हाताने खेळणारा, राहणार सीवूड्सचा. हँडिकॅप १७. आठवड्यातून एकदा खारघरला सिडकोच्या कोर्सवर राउंड आणि जमलं तर एक संध्याकाळ सरावाच्या रेंजवर, एवढाच खेळ. आयर्न ठीक, पटिंग बरं, पण ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, हातात घेतला की चेंडू डावीकडे वळत पळतो, म्हणजे हुक होतो. मागच्या चार राउंडांत ड्रायव्हर ३८ वेळा मारला होता. त्यातले १५ चेंडू डाव्या रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) किंवा झाडीत गेले आणि ६ सापडलेच नाहीत. शेवटी शेवटी तर कॅडी चेंडू जमिनीवर पडायची वाटही बघत नसे. "सर, लेफ्टला गेला. प्रोव्हिजनल घ्या," एवढं म्हणून तो दुसरा चेंडू पुढे करायचा.

खेळाडूने यावर स्वतःच एक उपाय शोधला होता. चेंडू डावीकडे जातो ना, मग उजवीकडे निशाणा धरायचा. सुरुवातीला १० यार्ड, मग २०, मग थेट उजव्या रफच्या कडेला. निशाणा जितका उजवीकडे सरकला तितका हुक वाढला. हे असंच होणार होतं, आणि का होणार होतं यात या प्रकरणाचा अर्धा भाग आहे.

चेंडू निघतो कुठून

हुकची तक्रार घेऊन आलेला माणूस चेंडू कुठे पडला ते सांगतो. उपयोगाची माहिती वेगळी असते: चेंडू कुठल्या दिशेने निघाला आणि नंतर किती वळला. ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडूची सुरुवातीची दिशा बहुतांशी इम्पॅक्टच्या क्षणी, म्हणजे क्लब चेंडूला लागताना, फेस (क्लबहेडची चेंडूला लागणारी बाजू) कुठे बघत होता त्यावर ठरते. ढोबळमानाने ८० टक्के फेस आणि २० टक्के पाथ, म्हणजे क्लबहेड ज्या दिशेने जात असतं ती, धरायला हरकत नाही. नंतरचं वळण ठरतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकावर. फेस पाथच्या डावीकडे बघत असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे वळतो, आणि हा फरक जितका मोठा तितकं वळण मोठं.

म्हणून उजवीकडे निघून डावीकडे येणारा चेंडू आणि डावीकडे निघून आणखी डावीकडे जाणारा चेंडू, दोघांनाही हुकच म्हणतात, पण आजार सारखा नसतो. पहिल्यात पाथ फार उजवीकडे असतो आणि फेस त्या मानाने बंद, म्हणजे डावीकडे वळलेला. दुसऱ्यात फेस लक्ष्याच्याही डावीकडे गेलेला असतो. आणि चेंडू डावीकडे निघून सरळच गेला, वळलाच नाही, तर तो हुक नाही, पुल आहे. त्याच्यावर हुकचा इलाज केला तर नसती दुखणी लागतात.

रेंजवर हे पाहायला यंत्र लागत नाही. चेंडूपासून तीन-चार पावलांवर, लक्ष्याच्या रेषेत एक काठी रोवायची आणि चेंडू तिच्या कुठल्या बाजूने गेला ते मागे उभ्या माणसाने मोठ्याने सांगायचं. मारणाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. त्याचं लक्ष चेंडू शेवटी कुठे पडतो इकडेच असतं.

मोजमाप

या खेळाडूचे ३० चेंडू लाँच मॉनिटरवर मोजले. क्लबहेडचा वेग ताशी ९२ मैल, कॅरी (हवेतलं अंतर) सरासरी १९५ यार्ड. बहुतेक चेंडूंत पाथ लक्ष्याच्या ७ अंश उजवीकडे आणि फेस १ अंश उजवीकडे होता. म्हणजे फेस पाथला ६ अंश बंद. चेंडू सुमारे २ अंश उजवीकडे निघायचा (२०० यार्डांवर १ अंश म्हणजे साडेतीन यार्ड) आणि मग तीसेक यार्ड डावीकडे वळायचा. थकल्यावर किंवा जोर लावल्यावर दुसरा प्रकार यायचा: फेस ४ अंश डावीकडे, पाथ ५ अंश उजवीकडे, फरक ९ अंश. हा चेंडू खाली राहतो, गोळीसारखा डावीकडे निघतो आणि पडल्यावरही थांबत नाही. फेस बंद होताना लॉफ्टही (फेसचा वर झुकलेला कोन) कमी होतो, बॅकस्पिन घटतो, आणि चेंडू रोल होत झाडीत शिरतो. हरवलेले ६ चेंडू याच जातीचे.

यंत्राबद्दल दोन गोष्टी. काही मॉनिटर फेस प्रत्यक्ष मोजत नाहीत, चेंडूच्या उड्डाणावरून अंदाज काढतात. त्यामुळे चेंडू फेसच्या मध्यावर लागला नसेल तर आकडा फसवा येतो. आणि रेंजचे झिजलेले चेंडू अंतराच्या बाबतीत विश्वासाचे नसतात, त्यामुळे इथे अंतरापेक्षा दिशेचेच आकडे धरले.

फेसवर चेंडू कुठे लागतो हे वेगळं तपासलं. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने जाड ठिपका काढायचा, ठिपका फेसकडे करून टीवर (चेंडूखालच्या खुंटीवर) ठेवायचा आणि मारायचं. फेसवर डाग उमटतो. १० पैकी ६ डाग मध्यापासून १० ते १२ मिलिमीटर टोकडे, म्हणजे क्लबहेडच्या शाफ्टपासून लांबच्या टोकाकडे, होते. टोवर लागलेल्या चेंडूला गिअर इफेक्टमुळे, म्हणजे धक्क्याने क्लबहेड फिरल्यामुळे, हुकची फिरकी मिळते. फेसला आडवा फुगवटा असतो म्हणून तो आधी थोडा उजवीकडे निघतो आणि मग डावीकडे वळतो. म्हणजे काही हुक स्विंगचा आणि काही निव्वळ टोचा. हे न पाहता सगळं खापर हातांवर फोडणं चूक ठरलं असतं. टोकडे लागण्याचं कारण साधं निघालं: खेळाडूचं वजन डाउनस्विंगमध्ये टाचांवर जात होतं, शरीर चेंडूपासून मागे सरकत होतं.

मोबाइलच्या स्लो मोशनवर इम्पॅक्ट शोधायचा मोह सगळ्यांना होतो. साधा हिशेब करावा. ९२ मैल वेगाने क्लबहेड सेकंदाला ४१ मीटर जातं. २४० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ते १७ सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं, आणि चेंडू-फेसचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. त्या क्षणाचा फेस मोबाइलमध्ये दिसत नाही. दिसतो तो आधीचा आणि नंतरचा क्लब, आणि तोही पुरेसा बोलका असतो. फक्त कॅमेरा नीट लावायला हवा: मागून घेताना हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत, समोरून घेताना बेल्टच्या बकलसमोर. कॅमेरा एक हात इकडे तिकडे झाला तरी पाथ भलताच दिसतो.

तीन जुनी औषधं

तीन वर्षांपूर्वी याच खेळाडूला स्लाइस होता, म्हणजे चेंडू उजवीकडे वळायचा. त्या वेळी तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. ग्रिप मजबूत करा, म्हणजे दोन्ही हात उजवीकडे वळवा. क्लब आतून आणा आणि उजवीकडे फेका. आणि ड्रायव्हर घेताना ड्रॉ, म्हणजे चेंडू हलकेच डावीकडे वळवणाऱ्या, सेटिंगचा घ्या. तिन्ही सल्ले स्लाइससाठी बरोबर होते. स्लाइस वर्षभरात गेला, पण औषधं बंद करायला कुणी सांगितलं नाही. उलट खेळाडूने डोस वाढवत नेला, कारण प्रत्येक सल्ल्याने पूर्वी गुण आला होता.

हुकच्या बऱ्याच प्रकरणांत मागे असा जुना स्लाइस असतो. म्हणून पहिल्याच भेटीत "आधी चेंडू कुठे जायचा?" हे विचारावं. उत्तर "उजवीकडे" आलं की काय काय शोधायचं ते ठरतं.

इथे सापडलं ते असं. वरून बघताना डाव्या हाताचे चार नकल (बोटांच्या मुळाचे उंचवटे) दिसत होते. पाय आणि खांदे दोन्ही लक्ष्याच्या चांगलेच उजवीकडे होते. चेंडू डाव्या टाचेसमोरून सरकत सरकत जवळजवळ स्टान्सच्या मध्यावर आला होता. ड्रायव्हरच्या होजलचा (शाफ्ट बसतो त्या गळ्याचा) फिरवता येणारा स्लीव्ह लॉफ्ट वाढवलेल्या खुणेवर आणि क्लबहेडमधलं सरकतं वजन पूर्ण हीलकडे, शाफ्टच्या बाजूला होतं. डाउनस्विंगमध्ये कंबर इम्पॅक्टच्या आधीच थांबत होती आणि हात एकटे पुढे जाऊन उलटत होते.

शेवटची गोष्ट सगळ्यात ठळक दिसते म्हणून बहुतेक सल्ले तिथूनच सुरू होतात: "हात फिरवू नका." पण हात उगाच फिरत नव्हते. पाथ ७ अंश उजवीकडे असताना हात फिरले नाहीत तर चेंडू उजव्या झाडीत जाईल, हे शरीराला ठाऊक होतं. निशाणा आणखी उजवीकडे धरला की हातांना आणखी फिरावं लागायचं. उजवीकडे निशाणा धरून हुक वाढतो तो असा. बेन होगन यांच्यासारख्या खेळाडूलाही सुरुवातीची कितीतरी वर्षं हुकने छळलं होतं. त्यांनीही हातांना दामटून गप्प बसवलं नाही, ग्रिप सैल बाजूला नेली, म्हणजे हात डावीकडे वळवले, आणि पुढे फेडवर, म्हणजे हलकेच उजवीकडे वळणाऱ्या चेंडूवर खेळले.

ग्रिप

औषधं एकदम बंद करायची नाहीत, एकेक करून काढायची, असं ठरलं. सुरुवात ग्रिपने, कारण फेसवर सगळ्यात थेट ताबा तिचाच.

मजबूत ग्रिपने फेस बंद का होतो हे खेळाडूला एकदा पटलं की पुढचं सोपं जातं. सरळ उभं राहून डावा हात बाजूला मोकळा सोडावा. तो आपल्या नैसर्गिक अवस्थेत लोंबतो, साधारण दोन नकल दिसतात. वेगात असताना हात इम्पॅक्टला याच अवस्थेकडे परततो. चार नकल दाखवत क्लब धरला असेल तर परतताना हात डावीकडे वळणार आणि फेसलाही बरोबर घेऊन जाणार.

बदल किती, तर दिसायला नगण्य. डाव्या हाताखाली ग्रिपचा व्यास साधारण २३ मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ ७२. हात २० अंश डावीकडे आणायचा म्हणजे रबरावर फक्त ४ मिलिमीटर सरकायचं. खेळाडूला मात्र हात क्लबवरून निसटतोय असं वाटतं. पहिले दोन आठवडे ही भावना जात नाही, आणि ती जायची वाटही बघू नये.

नवी ग्रिप घ्यायची पद्धत: क्लब जमिनीवर टेकवायचा. फेसची खालची कड लक्ष्याच्या रेषेला काटकोनात आहे याची खात्री करायची. उजव्या हाताच्या दोन बोटांनी शाफ्टला ग्रिपच्या खाली धरून ठेवायचं. मग डावा हात वरून आणायचा: दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका, तळव्याची गादी दांड्याच्या वर, अंगठा मध्याच्या किंचित उजवीकडे. वरून बघताना दोन, फार तर अडीच नकल. अंगठा-तर्जनीचा व्ही हनुवटी आणि उजवा खांदा यांच्यामध्ये, साधारण उजव्या कानाकडे. आधी तो खांद्याच्या बाहेर जात होता. नंतर उजवा हात, त्याचा व्ही डाव्याला समांतर. या खेळाडूचा उजवा तळवा ताट धरल्यासारखा खालून होता. तो बाजूला आणावा लागला, आणि डाव्या हातापेक्षा हेच जास्त जड गेलं.

इथे नेहमी होणारी एक चूक आहे. खेळाडू क्लब आधीच घट्ट धरतो आणि मग "ग्रिप सैल करतो", म्हणजे हात डावीकडे वळवतो. हातांबरोबर क्लबही वळतो, फेस बंद होतो, मग मनगटं हलवून तो फेस सरळ करतो आणि हात परत जुन्या जागी येतात. आरशात सगळं बदललेलं, रबरावर काहीच नाही. म्हणून क्लब उजव्या हाताने अडकवून ठेवणं ही पद्धतीतली मुख्य पायरी आहे.

घरी रोज २० वेळा फक्त ग्रिप घ्यायची, सोडायची, परत घ्यायची. स्विंग नाही. टीव्ही बघत केलं तरी चालतं. सरावाच्या ग्लोव्हवर पेनने अंगठ्याच्या रेषेत खूण केली, ती ग्रिपच्या मधल्या छापाच्या किंचित उजवीकडे यायला हवी. रेंजवर ६० चेंडू: २० नाइन-आयर्नचे, हात कमरेपासून कमरेपर्यंत. २० सेव्हन-आयर्नचे तीन-चतुर्थांश. १० ड्रायव्हरचे सत्तर टक्के जोराने. शेवटचे १० पूर्ण. अर्ध्या स्विंगमध्ये एकच तपासणी: चेंडू गेल्यावर शाफ्ट जमिनीला समांतर आला की थांबायचं आणि क्लबचा टो कुठे आहे ते बघायचं. टो आकाशाकडे असेल तर ठीक. फेस जमिनीकडे बघत असेल तर हात उलटले.

दुसऱ्या आठवड्यातली घबराट

दुसऱ्या आठवड्यात चेंडू उजवीकडे जाऊ लागले. सरळ उजवीकडे, २५-३० यार्ड.

खेळाडू प्रशिक्षकाला म्हणाला, "सर, हा तर जुना स्लाइस परत आला!"

"वळला का?"

"नाही, पण गेला उजवीकडेच ना?"

"वळला नाही म्हणजे स्लाइस नाही, पुश आहे. फेस आता पाथबरोबर आलाय, पाथ अजून उजवीकडेच आहे. हेच व्हायला हवं होतं."

प्रकरण बिघडायची खरी जागा ही. फेस दुरुस्त झाला आणि पाथ जुनाच राहिला तर चेंडू पुश होणारच. खेळाडू घाबरून परत चार नकलवर जातो, हुक परत येतो, आणि ग्रिप बदलून काही होत नाही असा निष्कर्ष निघतो. पुश दिसायच्या आधीच त्याची कल्पना द्यायला हवी होती. इथे ती पुरेशी दिली गेली नव्हती आणि एक आठवडा वाया गेला. त्या आठवड्यात खेळाडू एक राउंडही खेळून आला, हेही टाळता आलं असतं. ग्रिप बदलत असताना स्कोअरकार्ड भरू नये.

पाथ आणि उभं राहणं

पाथचं बरंच काम स्विंगला हात न लावताच होतं. हार्डवेअरच्या दुकानातून वायरिंगचा पीव्हीसी पाइप घेऊन चार-चार फुटांचे तीन तुकडे केले. एक लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूच्या पलीकडे. दुसरा त्याला समांतर, पायांच्या टोकांशी. पाय पाइपला लागले तरी खांदे जुन्या सवयीने उजवीकडेच राहतात, म्हणून तिसरा तुकडा छातीशी आडवा धरून खांदेही तपासायचे. पहिल्या दिवशी खेळाडूला आपण डावीकडच्या जाळीत मारतोय असं वाटलं. तो सरळ उभा होता.

चेंडू परत डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर आणला. चेंडू मागे असेल तर क्लब कमानीच्या आधीच्या भागात, अजून बाहेर जात असतानाच त्याला भेटतो आणि पाथ उजवीकडचा राहतो. पुढे आणला की तोच स्विंग थोडा नंतर, डावीकडे वळायला लागताना भेटतो. टीची उंची अर्धा चेंडू क्राउनच्या (क्लबहेडच्या माथ्याच्या) वर. वजन पायांच्या चवड्यांच्या मागे, बुटाच्या लेसवर. टाचांवर गेलं की टोचे डाग परत येतात. रेंजच्या मॅटवरची रबरी टी ठरावीक उंचीची असते, ती जुळत नसेल तर वेगळ्या उंचीची मागून घ्यावी. नाहीतर सराव एका उंचीचा आणि खेळ दुसऱ्या उंचीचा.

एवढ्याने पाथ ७ वरून ५ वर आला. पुढचे दोन अंश स्विंगमधून काढावे लागले. त्यासाठी दोन अडथळे ठेवले: एक हेडकव्हर चेंडूच्या फूटभर मागे, रेषेपासून वीतभर खेळाडूच्या बाजूला. दुसरं चेंडूच्या फूटभर पुढे, रेषेपासून वीतभर पलीकडे. क्लब फार आतून आला तर मागचं उडतं, फार उजवीकडे गेला तर पुढचं. मऊ वस्तूच ठेवायची. पाण्याची भरलेली बाटली ठेवून शाफ्टची वाट लावणारे लोक आहेत. आधी चेंडूशिवाय दहा स्विंग, मग चेंडू ठेवून, अर्ध्या जोराने.

कंबर थांबण्यावर वेगळा व्यायाम नव्हता, एक अट होती: प्रत्येक चेंडूनंतर शेवटच्या स्थितीत तीन मोजेपर्यंत उभं राहायचं. बेल्टचं बकल लक्ष्याच्या किंचित डावीकडे, वजन डाव्या पायावर, उजव्या बुटाचा फक्त पुढचा भाग टेकलेला. कंबर थांबली असेल तर तीन मोजेपर्यंत तोल टिकत नाही. जगातले काही मोठे खेळाडू, उदाहरणार्थ डस्टिन जॉन्सन, डावं मनगट वाकवून फेस बंद ठेवतात आणि तरी चेंडू फेड करतात. त्यांना ते जमतं कारण शरीर इतक्या वेगाने फिरतं की फेसला आणखी बंद व्हायला वेळच मिळत नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या ४८ वर्षांच्या कंबरेकडून ती अपेक्षा धरू नये.

क्लब, आणि तो शेवटी का

स्लीव्ह आणि वजन पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण चौथ्या आठवड्यापर्यंत हात लावला नाही. स्क्रू फिरवायला दोन मिनिटं लागतात आणि चेंडू तेवढ्यापुरता सरळ होतो, मग ग्रिपचं काम कोणी करत नाही. दोन बदल एकत्र केले तर गुण कशाने आला तेही कळत नाही.

स्लीव्हचं गणित बऱ्याच जणांना उलट वाटतं. लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवल्यावर फेस बंद बसतो, कमी केला की उघडा. मात्र खेळाडूने हाताने फेस सरळ करून मग ग्रिप घेतली तर दिशा बदलत नाही, फक्त लॉफ्ट बदलतो. हा खेळाडू क्लब टेकवून जसा बसेल तसाच धरायचा, म्हणून त्याला बंद फेसच मिळत होता. स्लीव्ह छापील लॉफ्टवर आणला, वजन हीलकडून मध्यावर. टोकडे नेता आलं असतं, पण मग हुकचं औषध सुरू झालं असतं आणि तीन वर्षांनी हेच प्रकरण उलट्या बाजूने लिहावं लागलं असतं. स्क्रू क्लबबरोबर आलेल्या टॉर्क रेंचनेच घट्ट करायचा, कट असा आवाज येईपर्यंत. ही सगळी कामं राउंडच्या आधी, कारण राउंड सुरू झाल्यावर सेटिंग बदलून तो क्लब वापरायला नियम ४.१ खाली मनाई आहे.

शाफ्ट बदलला नाही. हुक दिसला की जड किंवा कडक शाफ्ट सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण पाथ आणि फेस जागेवर यायच्या आधी केलेलं फिटिंग चुकीच्या स्विंगचं माप घेतं.

घाम

ग्रिपच्या बाबतीत नवी मुंबईची हवा हा वेगळा विषय आहे. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना इतका दमटपणा असतो की चौथ्या टीपर्यंत ग्लोव्ह ओला. ओला ग्लोव्ह घसरतो, मग माणूस मूठ आवळतो आणि नकळत हात दांड्याखाली सरकवून पकड शोधतो. दोन नकलचे पुन्हा तीन होतात. नोंदी चाळल्यावर दिसलं की पाचव्या होलनंतरचे हुक आधीच्यांपेक्षा जास्त होते, आणि खेळाडू ते थकव्यावर घालत होता. उपाय अगदी घरगुती: तीन ग्लोव्ह, दर तीन होलला बदलायचे, काढलेला बॅगच्या बाहेर सुकायला लावायचा. पंच्याचा एक तुकडा फक्त ग्रिप पुसायला, चेंडू पुसायला नाही. ड्रायव्हरची ग्रिप झिजून गुळगुळीत आणि पातळ झाली होती. ती बदलली आणि खाली टेपचे दोन जादा वेढे दिले. पातळ ग्रिपवर बोटं जास्त वळवळतात.

कोर्सवर

पाचव्या आठवड्यात राउंड परत सुरू झाले. डावीकडे धोका असेल तिथे टी बॉक्सच्या डाव्या बाजूला टी लावायची आणि तिथून फेअरवेच्या मध्याकडे मारायचं, म्हणजे निशाणा धोक्यापासून दूर जातो आणि पाय व खांदे मात्र निशाण्याशी समांतरच राहतात. फारच अरुंद होल असेल तर थ्री-वूड. त्याला लॉफ्ट जास्त, त्यामुळे फेस-पाथचा तेवढाच फरक असला तरी चेंडू कमी वळतो. चेंडू हरवण्याची शंका असेल तर "प्रोव्हिजनल" हा शब्द तोंडाने उच्चारूनच दुसरा चेंडू मारायचा. न बोलता मारला तर तोच खेळातला चेंडू ठरतो, दंडासकट. शोधायला मिळतात तीन मिनिटं, पूर्वीची पाच २०१९ पासून गेली.

सहा आठवड्यांनी परत ३० चेंडू मोजले. पाथ ३ अंश उजवीकडे, फेस दीड अंश उजवीकडे, फरक दीड अंश. चेंडू जेमतेम पाच-सहा यार्ड उजवीकडे निघतो आणि दहा यार्डांनी परत येतो. कॅरी २०३. एकूण अंतर जवळपास आधीइतकंच, कारण पूर्वीचा रोल गेला. टोचे डाग १० पैकी २. पाथ शून्यावर आणायचा प्रयत्न केला नाही. हा माणूस ड्रॉ मारणारा आहे आणि त्याला ड्रॉच मारू द्यावा.

नंतरच्या दोन राउंडांत ड्रायव्हर १९ वेळा निघाला. ४ चेंडू डाव्या रफमध्ये, २ उजव्या, हरवला एकही नाही. डावीकडच्या चारपैकी तीन एकाच दिवशी दहाव्या होलनंतर गेले. त्या दिवशी बॅगेत एकच ग्लोव्ह होता.